कळसूबाई, दोघंच : शिडीचं नंतर बघू, आधी उन्हाचं बोलू

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं वय ३९, मिस्टरांचं ४४. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनीच कळसूबाई करायची आहे, ग्रुप नको. ताईंनी कॉलेजात असताना चार-दोन गड केलेत, त्यानंतर काही नाही. मिस्टर रोज जिममध्ये जातात, डोंगर मात्र एकही चढलेले नाहीत. त्यांना बीपीची एक गोळी चालू आहे. रात्री अडीचला गाडीने निघायचं, सकाळी चढायचं, संध्याकाळी घरी. व्हिडिओ बघून बघून ताईंना शिड्यांची धास्ती बसली आहे. "आम्हाला जमेल का, आणि शिडीवर पाय लटपटले तर काय करायचं?"

जमेल. शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, पण जिथून चढायला सुरुवात होते ते पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर वसलंय. पायांना प्रत्यक्षात चढ पडतो तो साडेआठशे मीटरच्या आसपास. वाट वर्षानुवर्षांची मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि रेलिंग. चुकायची भीती फारशी नाही, कारण माणसांचा राबता असतो.

पण ताई, तुमच्या प्रश्नात शिडी चार वेळा आली आणि पाणी एकदाही नाही. मी गेली अठ्ठावीस वर्षं सह्याद्रीत माणसं घेऊन फिरते. कळसूबाईवरून ज्यांना मला खांद्याला धरून खाली आणावं लागलं, त्यांतलं एकही माणूस शिडीवरून पडलेलं नव्हतं. काहीजण उन्हाने आडवे झालेले, काहीजण उतरताना पाय मुरगळलेले. म्हणून आधी उन्हाचं बोलू, मग तुम्हा दोघांचं, आणि शिडीचं सगळ्यात शेवटी.

जानेवारीचं ऊन फसवं असतं. पहाटे बारीत गाडीतून उतरलात की दात वाजतील. स्वेटर, कानटोपी, हात खिशात. अशा थंडीत पाणी कुणाला आठवतं? पहिला दीड तास माणूस घोटभरही पीत नाही. मग ऊन वर येतं, स्वेटर कमरेला बांधला जातो, आणि तहान लागते तेव्हा शरीर आधीच मागे पडलेलं असतं. कळसूबाईची बारीकडची वाट पूर्वेच्या अंगाने चढते, म्हणजे सूर्य उगवल्या क्षणापासून ऊन थेट पाठीवर. खालच्या टप्प्यात थोडी झाडं आहेत. एकदा डोंगराच्या सोंडेवर, म्हणजे उतरत्या धारेवर, आलात की सावली म्हणजे फक्त एखाद्या टपरीच्या ताडपत्रीखाली किंवा कातळाच्या आडोशाला. करवंदाच्या जाळीत माणूस मावत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हा ठाणेकरांसाठी मुद्दाम सांगते. ठाण्यात घाम दिसतो, अंगाला चिकटतो, शर्ट भिजतो. वर हवा कोरडी आणि वारा सतत. घाम येतो तसा उडून जातो. "मला घामच येत नाहीये, मस्त हवा आहे," असं म्हणणाऱ्या माणसाची टोपी मी काढून घेते आणि त्यालाच दाखवते. कापडाच्या कडेला पांढरी रेघ उमटलेली असते, समुद्राच्या वाळूवर भरतीची उमटते तशी. ते मीठ त्याच्या अंगातून गेलेलं असतं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे शिखरावर तुम्हाला बारीपेक्षा पाचेक अंश थंड वाटेल, पण तेवढ्याच उंचीला अतिनील किरण मात्र साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. त्वचा थंड लागते आणि आतून भाजत असते.

तर पाणी. माणशी तीन लिटर, दोघांचे मिळून सहा. मार्चमध्ये जात असता तर चार-चार म्हटलं असतं. आणि हे सहा लिटर एका पिशवीत नाही, दोघांच्या पाठीवर वेगवेगळं. का, ते पुढे सांगते. त्यातल्या एकेका लिटरमध्ये ओआरएसचं पाकीट घाला, किंवा घरीच करा : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. चवीला लिंबू. नुसतंच पाणी ढसाढसा पिऊन मीठ भरून निघत नाही, उलट पोटऱ्यांत गोळे येतात. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट. पहिले चार घोट अंधारात, थंडीत, नकोसे वाटताना.

वाटेवर टपऱ्या आहेत. गावातल्या मावश्या लिंबू सरबत, ताक, तिखट-मीठ लावलेली काकडी विकतात. जरूर घ्या, त्यांचं पोट त्यावर आहे. पण त्यांच्या भरवशावर बाटली अर्धी नेऊ नका, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी अर्ध्या टपऱ्या बंद असू शकतात. शेवटच्या शिडीच्या अलीकडे सपाटीवर विहीर आहे. ते पाणी डोक्यावर, मानेवर घ्यायला उत्तम. प्यायचं तर गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून.

आता एक बाईमाणसांची गोष्ट. हे ग्रुपच्या पुरुष लीडरना कधी सुचत नाही. आपण बायका डोंगरात मुद्दाम कमी पाणी पितो. का पितो ते तुम्हाला ठाऊक आहे. वर जायला जागा नाही, आडोसा नाही, मागून-पुढून माणसं. माझ्या बॅचमध्ये चक्कर आलेल्या किती मुलींनी नंतर कानात हे कबूल केलंय! बारीत निघण्याआधी एखाद्या घरी विचारून जाऊन घ्या. वर सपाटीवर वाटेपासून जरा आत गेलात की कातळ आहेत. मिस्टरांना वाटेकडे तोंड करून उभं करा, एक जुनी ओढणी जवळ ठेवा. कागद मागे टाकायचा नाही, झिपच्या पिशवीत परत आणायचा. पाळीचे दिवस असतील तर तारीख बदलायची गरज नाही, एक जास्तीची पिशवी आणि पेपर सोप ठेवा, बस्स. पण पाणी कमी पिऊ नका.

बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्या, आणि नीट विचारा. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतात. उन्हात सहा-सात तास चालायचंय हे डॉक्टरांना सांगा. ते सांगतील तसं करा, स्वतःच्या मनाने त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

आता तुमच्या दोघांबद्दल. माझ्या मते खरा अवघड भाग हाच आहे.

नवरा-बायको डोंगरात गेले की एक ठरलेलं चित्र दिसतं. त्यातला वेगाने चालणारा पुढे जातो. पन्नास पावलांवर कातळावर बसतो, पाणी पितो, फोटो काढतो, श्वास खाली बसवतो. मागून दुसरं माणूस धापा टाकत येऊन पोचतं. ते पोचताक्षणी हा उठतो आणि म्हणतो, "आलीस? चल." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याची पाच मिनिटं झाली, आणि जिला होती तिला पाच सेकंदही मिळाली नाहीत. असं दहा वेळा झालं की मागचं माणूस बोलायचं बंद होतं. पुढच्याला वाटतं, रुसली.

हे मी दुसऱ्यांचं सांगत नाहीये. २०१० साली फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोघंच कळसूबाईला गेलो होतो, मी आणि आमचे हे. तोवर मी शंभरेक ट्रेक केलेले, हे बँकेत. आमच्या घरी पुढे पळणारी मी होते. पहाटे उशीर झाला, नाश्ता करून निघेपर्यंत साडेआठ. पाणी तीन लिटर, दोघांत मिळून, आणि सगळं माझ्या सॅकमध्ये, कारण "तुम्ही कशाला ओझं घेता, मला सवय आहे." मोठेपणा! आणि मी पुढे. हे मागून येणार, मला गाठणार, तोवर मी उठलेली. पाणी माझ्याकडे, तहान त्यांना. मागायला भिडस्त माणूस. मधल्या शिडीनंतर ते बोलायचे थांबले. मला वाटलं दमलेत. विहिरीच्या सपाटीवर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. तिथल्या मावशींनी सरबताचा पेला पुढे केला, तर हे म्हणाले, "नको, मळमळतंय." मी त्यांचा हात धरला आणि हाताकडे बघतच राहिले. डोक्यावर रणरणतं ऊन आणि दंडावर काटा आलेला. थंडीत येतो तसा.

उन्हात अंगावर काटा, डोकेदुखी, मळमळ, चिडचिड किंवा अगदी गप्प होणं, पोटऱ्यांत गोळे. यातली दोन लक्षणं दिसली की शिखर विसरायचं. त्या मावशींनी मला विचारलंही नाही. ताडपत्रीखाली गोणपाट टाकलं, यांना आडवं केलं, पाय सॅकवर उंच ठेवले, आपला पदर विहिरीच्या पाण्यात बुडवून मानेवर आणि काखांत ठेवला. मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजत राहिल्या. पाऊण तासाने यांना लघवीला झाली आणि मावशी म्हणाल्या, "आता उतरा. वर नका जाऊ." शेवटची शिडी समोर दिसत होती. आम्ही उतरलो.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग तापलं तर तो उष्माघात. तिथे पाऊण तास वाट बघायची नसते. मिळेल त्या पाण्याने अंग भिजवत वारा घालायचा आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. रेंज एका जागी नसेल तर वीस पावलं सोंडेच्या कडेला सरकून बघा. आणि गावातल्या माणसांना हाक मारा, झोळी करून माणूस खाली न्यायची सवय तिथल्या पोरांना आहे.

तेव्हापासून माझा नियम असा की दोघांत हळू चालणारं माणूस पुढे. नेहमी. मागच्याने त्याच्या पावलांवर पाऊल टाकायचं, सूचना द्यायच्या नाहीत. थांबायचं ते दोघांनी मिळून, आणि घड्याळ सुरू होतं ते दुसरं माणूस बसल्यावर. वेग योग्य आहे का, हे बघायची सोपी खूण म्हणजे चालता चालता भांडता आलं पाहिजे. पूर्ण वाक्यात. धापेमुळे वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे.

तुमच्यात हळू कोण निघेल ते आत्ताच गृहीत धरू नका. जिमवाल्यांबद्दल माझा अनुभव जरा खट्याळ आहे. त्यांच्या मांड्या दणकट असतात, पण एका दमात पंचेचाळीस मिनिटांची सवय असते. तीन तास सलग चढ हा वेगळा प्रकार आहे. ते पहिल्या तासात सुसाट सुटतात आणि तिसऱ्या तासात त्यांचा चेहरा बघवत नाही. अजून चार-पाच आठवडे हातात असतील तर दर रविवारी दोघं तुमच्या ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर जा, पाठीवर चार किलो घेऊन. मधल्या दिवशी सोसायटीचा जिना : चढताना लिफ्ट नाही, उतरतानाही नाही. उतरणं जास्त महत्त्वाचं. ट्रेडमिलवर उतार नसतो, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतारानेच.

पाणी दोघांकडे वेगवेगळं का, ते आता कळलं असेल. तसंच खाणं, टॉर्च आणि मोबाईलही दोघांकडे. गाडीची किल्ली एकाकडे, दुसरी किल्ली दुसऱ्याकडे. हसू नका. किल्ली वर राहिलेली जोडपी मी पाहिली आहेत.

रात्री अडीचला निघायचा बेत मात्र सोडून द्या. त्या बेताचा धोका डोंगरावर नाही, रस्त्यावर आहे. रात्री झोप नाही, सकाळी साडेआठशे मीटर चढ-उतार, दुपारी पिठलं-भाकरी, आणि मग तीन तास स्टिअरिंग. आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, रस्ता सरळसोट झालाय, आणि अशा सरळ रस्त्यावरच डुलकी लागते. आदल्या दिवशी दुपारी निघा, इगतपुरीवरून घोटी, घोटीवरून भंडारदऱ्याचा रस्ता धरला की त्यावरच बारी. गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते, अंघोळीला चुलीवरचं गरम पाणी मिळतं. जरा ऐसपैस हवं असेल तर पुढे भंडारदऱ्याला शेंडी गावात हॉटेलं आहेत. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली असेल तर त्या दिवसांत चुकूनही नको. शिड्यांच्या पायथ्याशी रांग लागते आणि भर उन्हात उभं राहावं लागतं. शनिवारी रात्री सूर्योदयासाठी चढलेली मंडळी रविवारी सकाळी आठ-नऊला उतरत असतात, तुम्ही चढत असता, आणि शिडी एकच.

वेळ अशी धरा : पावणेसहाला टॉर्च लावून गावातून निघायचं. शेतांच्या कडेने, ओढा ओलांडून, गावाच्या वरच्या अंगाला कळसूबाईचं छोटं मंदिर लागतं. ज्यांना शिखर झेपत नाही ते इथूनच दर्शन घेतात. सात-सव्वासातला उजाडेल तेव्हा तुम्ही पहिल्या शिडीच्या आसपास असाल. साडेनऊ, फार तर दहाला शिखर. तुमच्या वेगाने साडेतीन-चार तास म्हणजे छान. आणि एक वेळ आत्ताच कागदावर लिहा, दोघांनी सही करा : अकरा. अकरा वाजले की असाल तिथून मागे फिरायचं, मग मंदिराचा कळस समोर का दिसेना. हे घरी ठरवायचं असतं. वर गेल्यावर ठरवायला बसलं की दोघांतला एक म्हणतो, "आता एवढं आलोय तर," आणि दुसरा, नाही म्हणायचा वाईटपणा नको म्हणून, उठतो.

कपड्यांचं थोडक्यात. अंगभर, सैल, फिक्या रंगाचं. मिस्टरांचा जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट तुम्हीही घातलात तरी चालेल. पहाटेसाठी विंडचीटर. टोपी चारी बाजूंनी कड असलेली, नुसतं पुढे चोच असलेल्या टोपीत कान आणि मान भाजतात. गळ्यात पंचा, तो दर थांब्याला ओला करायचा. सनस्क्रीन निघताना नाही, सूर्य उगवल्यावर लावा आणि दोन तासांनी पुन्हा. नाकाखाली आणि हनुवटीखालीही, कारण खडकावरून ऊन परत येतं. परफ्युम, बॉडी स्प्रे अजिबात नको. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि त्या माश्यांना तो वास खपत नाही. बूट नवे कोरे नकोत, निदान तीन रविवार येऊरला वापरलेले हवेत. आणि पायाची नखं आदल्या दिवशी नाही, तीन-चार दिवस आधी कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, वाढलेलं नख काळं-निळं होतं.

खायला संक्रांतीचा उरलेला तिळगूळ आणि गुळपोळी न्या. याहून चांगलं डोंगरखाणं मला माहीत नाही. थालीपीठ, उकडलेली अंडी, संत्री. सकाळी पोटभर पोहे खाऊन चढू नका, एक केळं आणि चहा पुरे, मग तासाला थोडं थोडं. माकडांसमोर पिशवीचा कुरकुर आवाज करू नका. खाऊ सॅकच्या आत, हातात नाही.

आता शिडी. मोठ्या अशा तीन-चार आहेत, टप्प्याटप्प्याने लागतात. पूर्वी तिथे साखळ्यांना धरून चढत. आताच्या शिड्यांना दोन्ही बाजूंना रेलिंग आहे. त्या खड्या आहेत, पण सरळ उभ्या नाहीत. जिन्यासारख्याच, फक्त खालचं दिसतं. भीती असते ती त्या दिसण्याची.

पायथ्याशी थांबा. श्वास पूर्ण शांत झाल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, कारण धापेने पाय थरथरतात आणि माणसाला वाटतं भीतीने थरथरताहेत. सॅकचे पट्टे आवळा, लोंबणारं काही नको, काठी सॅकला बांधा. वरून कुणी उतरत असेल तर त्यांना पूर्ण उतरू द्या. मग दोन हात, दोन पाय, यातलं एकावेळी एकच हलेल, बाकीचे तीन टेकलेले. नजर हाताच्या पुढच्या पायरीवर. मी घाबरणाऱ्यांना पायऱ्या मोजायला लावते, मोठ्याने, आणि वर पोचल्यावर आकडा विचारते. कुणाचाच आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, पण मोजण्यात शिडी संपलेली असते. चढताना मिस्टर तुमच्या मागे, चार पायऱ्या खाली. उतरताना ते आधी उतरतील, तुम्ही शिडीकडे तोंड करून, घरातल्या माळ्यावरून उतरतो तसं. कुणी मागून "अहो ताई, सरळ उतरा ना" म्हणालं तर त्याला थांबू दे. अकराच्या पुढे लोखंड चांगलंच तापतं, पातळ सुती हातमोजे असले तर रेलिंग घट्ट धरता येतं. भीतीने पकड सैल होत नाही, चटक्याने होते.

आणि हे लक्षात ठेवा : शिडीवर माणूस जीव मुठीत धरून सावध असतो. शिडी संपली की हुश्श करतो, आणि तिथून पुढच्या वीस पावलांत घसरतो. मुरमाचा घसारा आणि वाळलेलं पिवळं गवत, दोन्ही जानेवारीत तेल सांडल्यासारखे असतात. उतरण्याआधी बुटाची लेस घोट्यापाशी घट्ट करा, पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, पाय तिरका. फोटो काढायचा तर थांबून. उतरायला अडीच तास धरा आणि तेवढे लावा. दुपार कलली की डोंगराची सावली हळूहळू या बाजूला पडायला लागते, पण तिची वाट बघत वर बसू नका.

शिखरावर तासभर पुरतो. जागा लहान आहे, देऊळ त्याहून लहान, आत दोन-तीन माणसं बसली की भरलं. नवरात्रात इथे आसपासच्या गावांतून रीघ लागते, जानेवारीत शांत असतं. कळसूची गोष्ट ठाऊक आहे ना? रानात रमणारी कोळ्यांची मुलगी. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, अटीवर : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी नेमकं तेच सांगितलं. तिने मुकाट्याने भांडी घासली, केर काढला, आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. मी बायकांच्या बॅचला ही गोष्ट वर सांगते तेव्हा पहिल्यांदा सगळ्या हसतात आणि मग जरा वेळ कुणीच काही बोलत नाही.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग हे गड ओळीने दिसतील. मधला मदन चटकन ओळखू येतो, त्याच्या पोटात नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, आहे. दक्षिणेला खाली भंडारदऱ्याचं पाणी, ज्याला अडवणारं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. पाण्यापलीकडे रतनगड, त्याच्यामागे दूर हरिश्चंद्रगडाचा पसारा. पूर्वेला पट्टा, औंढा, बितनगड. उत्तरेला त्र्यंबकचे डोंगर, आणि नशीब असेल तर फार लांब सप्तशृंगीची रांग. फेब्रुवारी उजाडला की वणव्यांच्या धुराने हे सगळं पुसट होतं, म्हणून तुमची तारीख उत्तम आहे.

वाटाड्या घ्यावा का? वाट सापडण्यासाठी गरज नाही. पण पहिल्यांदाच जाताय, अंधारात निघताय, एकाला बीपी आहे. गावातला एखादा मुलगा सोबत घेतलात तर तुमची दमछाक बरीच कमी होईल, आणि दोघांत अकराच्या वेळेवरून वाद झालाच तर तिसरं मत मिळेल. मिस्टरांना पटलं नाही तर निदान ज्या घरी उतराल तिथे सांगून जा : आम्ही दोघं, इतक्या वाजता निघालो, दोनपर्यंत आलो नाही तर फोन करा. त्यांच्याकडेच दुपारच्या पिठलं-भाकरीचं सांगून ठेवा. जेवण तयार करून वाट बघणारं माणूस घड्याळाकडे हमखास लक्ष ठेवतं. जेवल्यावर तासभर तिथेच ओसरीवर आडवे व्हा, मग गाडी काढा.

आमचं सांगायचं राहिलं. ती शेवटची शिडी यांनी पुढच्या डिसेंबरात चढली. पहाटे साडेपाचला निघालो, हे पुढे, मी मागे, पाणी दोघांच्या पाठीवर. सपाटीवर त्याच मावशी होत्या. त्यांनी यांना ओळखलं, सरबत पुढे केलं आणि मला विचारलं, "आज पाणी कुणाकडं हाय?"